नाना, तुमच्यावर केलेला प्रयोग

नाना,

तुमचा दहावा होऊन तीन दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी परतले, मीही परवाच्या एसटीनं घरी आले. तुमच्या गणपतनं पेपरात द्यायला चार ओळी लिहून मागितल्या होत्या. म्हणाला, "ताई, तू शिकलेली. बाबांचं चांगलं लिही." मी वही घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला, जन्मतारखेला, अडले. ती कुणालाच ठाऊक नाही. निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तुम्ही धरून धरून उभे राहत होतात, एवढंच तुम्ही सांगायचात. शेवटी त्या चार ओळी गणपतनंच लिहिल्या. मेंढपाळ, शेतकरी, पश्चात अमुक आणि तमुक. त्यात खोटं काही नाही. पण आपण काका-पुतणी वीस-बावीस वर्षं ज्या एका मेंढीवरून भांडलो तिचा त्यात उल्लेख नाही, आणि ते भांडण मिटायच्या आत तुम्ही गेलात. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे माझ्या लक्षात आहे. मी लिहिते आणि एकेक ओळ मोठ्यानं म्हणून बघते.

बारावी सायन्सला मला बेताचेच मार्क पडले होते. डॉक्टरकीचा प्रश्न नव्हता. बापूंनी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावानं, डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. बाकीची कागदपत्रं काढायला मी औरंगाबादला गेले (तेव्हा आपण सगळे औरंगाबादच म्हणायचो) आणि एका कॉलेजच्या फळ्यावर वाचलं की बी.एस्सी.ला जीवशास्त्र आणि संख्याशास्त्राबरोबर आता मानसशास्त्र घेता येईल. मी खिडकीतल्या क्लार्कला विचारलं, "हा आर्ट्सचा विषय ना?" तो म्हणाला, "आमच्याकडं सायन्सचा आहे. प्रॅक्टिकल असतं. बघायचं तर त्या तिकडच्या खोलीत बघून या."

त्या खोलीत एक मुलगी आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवत होती. हात तिला दिसत नव्हता, फक्त आरशातला उलटा हात दिसत होता. पेन्सिल भलतीकडंच जात होती. शेजारी दुसरी मुलगी घड्याळ धरून किती चुका होतात ते मोजत होती. दहाव्या खेपेला पहिलीची पेन्सिल रेषेवरून सरळ गेली. मी दारातच उभी राहिले. आपल्याला एखादी गोष्ट जमायला लागते तो क्षण कुणी असा कागदावर धरून ठेवू शकतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही लोकर कातरत होतात. बापू म्हणाले, "येड्यांचं शिकून काय करनार? उद्या सोयरीक कशी जमायची? लोकं म्हनतील, पोरगीच डोक्यानं कमी हाये, म्हनून तिकडं घातली."

तुमची कातर थांबली नाही. मेंढी पायाखाली तशीच धरून तुम्ही म्हणालात, "मेंढराच्या डोक्यात काय चाललंय ते कळाया मला चाळीस वर्सं लागली. मानसाच्या डोक्यातलं कुनी तीन वर्सांत शिकवत आसन तर जाऊ दे की तिला."

 थोरल्या भावापुढं बापू कधी दुसऱ्यांदा बोलले नाहीत. मग तुम्ही माझ्याकडं बघून विचारलंत, "पन खरंच शिकवत्यात का गं ते?"

"माहीत नाही, नाना."

"मंग बघून ये, अन् मला सांग."

मी पुंडलिकनगरात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहिले. दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारची गाडी धरून सिल्लोडला आणि तिथून पुढं गावी यायचे, ती खरं तर तुम्हाला सांगायलाच. गावातली माणसं मला अडवून विचारायची, माझ्या मनात काय चाललंय सांग बरं. मला काहीच सांगता यायचं नाही. आम्ही शिकत होतो ते मेंदूची चित्रं काढायला, आवाज कानावर पडल्यापासून बोट बटणावर पडेपर्यंतचा वेळ मोजायला, वीस जणांच्या आकड्यांची सरासरी काढायला. आमच्या सिद्दिकी मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आपला अंदाज घरी ठेवून या. इथं मोजायचं." मॅडम शहरातल्या छावणी भागात राहायच्या, मराठी पुस्तकासारखं स्वच्छ बोलायच्या आणि खूश झाल्या किंवा चिडल्या की आपल्या दखनी उर्दूवर यायच्या.

मी त्यांचं वाक्य तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तुम्ही "मोजल्यावर कळतं, का कळल्यावर मोजत्यात?" असं विचारलंत. मी म्हणाले, अर्थात मोजल्यावर. तुम्ही मान हलवलीत, पण ती होकाराची नव्हती. हाही वाद आपला राहिलाच म्हणायचा.

एकदा मी तुम्हाला पाठांतराचा प्रयोग करून दाखवला. टप, गिम, लुस, वोच असली अर्थ नसलेली दहा अक्षरं मी वाचायची आणि तुम्ही क्रमानं म्हणायची. आमच्या वर्गातल्या हुशार मुलीला सात खेपा लागल्या होत्या. तुम्ही तिसऱ्या खेपेला घडाघडा म्हणून दाखवलीत. कसं जमलं विचारलं तर म्हणालात, "एकेक अक्षर एकेका मेंढीला दिलं. गिम काळतोंडीला, लुस लंगडीला. मंग त्या वाघुरीतून ज्या वळीनं भाईर निघत्यात त्या वळीनं म्हनत गेलो." रात्री मेंढ्या कोंडायची ती दोरीच्या जाळीची वाघूर माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत कशी लिहायची ते मला कळेना. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझे काका मला भेटायला हवेत."

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाला स्वतःचा एक प्रयोग करायचा होता. मी मॅडमना म्हणाले, "माझे काका प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखतात. सव्वाशे मेंढ्या आहेत."

"मोजून पाहिलंय कुणी?"

"सगळ्या गावाला माहीत आहे."

"मी मोजून पाहिलंय का विचारलं."

मग मी खोलीतल्या मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन आले. चोवीस मेंढ्यांच्या नुसत्या तोंडांचे फोटो काढले, छावणीतल्या स्टुडिओत धुऊन घेतले आणि पुढच्या रविवारी तुम्हाला देवळापुढच्या लिंबाखाली बसवलं. तुमचा केवढा उत्साह. धुतलेला सदरा घातला होतात, आणि संगी आपली परीक्षा घेणार म्हणून तुम्हीच चार लोकांना सांगून ठेवलं होतंत. चाराचे पंधरा झाले. मी एकेक फोटो पुढं करत गेले, तुम्ही नाव सांगत गेलात. पहिले तीन झटक्यात सांगितलेत. मग तुमचा वेग कमी झाला. एक फोटो तुम्ही उलटा धरून बघितलात, एक मागं ठेव म्हणालात.

चोवीसपैकी नऊ बरोबर आले.

मी काय केलं ते मला अजून नीट आठवतं. मी बेरीज केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पंधरा चुकले, नाना."

कुणीतरी मागून म्हणालं, "आता नाना दुसऱ्याची मेंढरं हाकून आनतो बघा." लोक हसले. तुम्हीही हसलात, टोपी डोक्यावर नीट बसवलीत आणि मेंढ्यांकडं चालू लागलात. जेवायला बसलो तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. रागावला होतात असंही वाटलं नाही. जन्मभर ज्या पाटावर बसलो त्याचा एक पाय मोडका आहे हे आजच कळलं, तशी तुमची मुद्रा होती.

सोमवारी मी मॅडमना आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, "नऊ कमी नाहीत, संगीता. नुसता तुक्का लावला असता तर चोवीसात एखादं बरोबर आलं असतं. पण हे तू लोकांत बसून का घेतलंस? प्रयुक्ताला शांत जागी एकटं बसवायचं, हे पहिल्या वर्षी शिकवलं ना?" ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयुक्त. मी हा शब्द शंभरदा लिहिला होता आणि त्या शब्दाच्या जागी तुम्ही बसलेले असताना विसरले होते.

आता जे लिहितेय ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी खोलीवर बसून मी तक्ता पुन्हा लिहिला. नऊच्या जागी एकवीस केले. फोटो माझ्याकडं होते, उत्तरं माझ्याकडं होती, कोण तपासणार होतं? गावात मी सांगितलं असतं की मोजण्यात माझीच चूक झाली होती, नानांचे एकवीस बरोबर आहेत. तुमची अब्रू परत येणार होती. मला ते पाप वाटलं नाही, मायाच वाटली. सुवाच्य अक्षरात लिहिलेला तो कागद फाईलला लावून मी निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कॉलेजचा वॉचमन प्रयोगशाळेच्या दारात आला. "घोंगडीवालं कुनीतरी आलंय. म्हनतंय, संगीच्या बाईला भेटायचं."

तुम्ही बसस्टँडपासून विचारत विचारत पायी आला होतात. चपला दाराबाहेर काढल्यात. मॅडमनी खुर्ची दिली तर टोकावर बसलात. मी फाईल छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होते.

"बाई," तुम्ही म्हणालात, "मी पंधरा चुकलो ते खरं हाये. पोरीची चूक नाय. पन काहून चुकलो ते मला कळलंय. त्येच सांगाया आलो."

"सांगा," मॅडम म्हणाल्या.

"मला वाटायचं, मी मेंढरू तोंडावरून वळखतो. समदे तसंच म्हनत्यात, मी बी म्हनायचो. फोटू बघताना मला सारखं वाटायलं, ह्येला जरा चालवा. ह्येला वरडू द्या. मंग काल दिसभर मेंढरं बघायची सोडून मी सोताकडंच बघितलं. लांबून येनारी मेंढी मला वळखू येती तवा तोंड दिसतच नाय. मंग मी काय बघायलो?"

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "मग काय करावं म्हणता?"

"एकेक गोस्ट झाका. तोंड झाका, चाल राहू द्या. मंग चाल झाका, तोंड राहू द्या. मंग समदंच झाका अन् निस्ता आवाज आयकवा. म्हंजे कळन मी कशावर वळखतो ते. चुकलो तर चुकलो. पन काहून चुकलो ते तर कळन."

खोलीत आम्ही सात-आठ मुली होतो.  नियंत्रित परिस्थिती आणि एका वेळी एकच घटक बदलणं, या धड्यावर आम्ही दोन महिने घालवले होते. तुम्ही ते एका दिवसात मेंढ्यांमागं उभं राहून काढलं होतंत.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "इनों तो तुम सबसे अच्छा सोचे, संगीता." मग तुम्हाला मराठीत म्हणाल्या, "आम्ही येऊ तुमच्याकडं. असंच करू."

तुम्ही आरशातली चांदणी बघत बसलात तेवढ्यात मी फाईलमधून तो एकवीसचा कागद काढला, त्याची घडी घातली आणि बाहेर जाऊन बारीक तुकडे केले. नाना, तुम्ही त्या दिवशी दोन तासांची एसटी करून आला नसतात तर तो कागद मी दिला असता. तुम्ही स्वतःच्या पंधरा चुका स्वतःच्या तोंडानं सांगायला आलात आणि मी त्या झाकायला निघाले होते. पुढं मी जे काही या विषयात केलं, ते त्या सकाळपासून केलं असं मी धरते.

फोटोंचा प्रयोग आम्ही नऊ बरोबर म्हणूनच लिहिला, गर्दीत घेतला हेही लिहिलं.

मग तो फेब्रुवारीतला रविवार. कापूस वेचून झालेल्या रानात गोणपाट शिवून केलेला मोठा पडदा, त्याला डोकं बाहेर काढायला एक भोक. मेंढ्यांच्या अंगावर घालायला आईनं शिवलेल्या झुली आणि तोंडाला बांधायचे पंचे. त्याच चोवीस मेंढ्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा नंबर, नंबर दिसू नये म्हणून वर फडकं. मॅडम सिल्लोडपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपमध्ये चौघींत दाटीनं बसून आल्या. डोक्याला रुमाल बांधून त्या चिठ्ठ्या काढायच्या, बापू त्या नंबरची मेंढी आणायचे, मी लिहायचे. तुम्ही दगडावर बसला होतात. या वेळी गावातलं एक माणूस तुम्ही फिरकू दिलं नाहीत.

आधी नुसतं तोंड. पंधरा बरोबर. फोटोपेक्षा जिवंत तोंड बरं, तुम्ही म्हणालात, कान हलतात. मग नुसता आवाज. कोकरू जरा लांब नेलं की मेंढी पडद्यामागून ओरडायची आणि तुम्ही डोळे मिटून नाव घ्यायचात. एकोणीस. मॅडमनी दोनदा माझ्या वहीत डोकावून बघितलं.

शेवटी चाल. तोंडावर पंचा, अंगावर झूल, दिसतात फक्त चार पाय. तुम्ही पुढं वाकून बसलात. बावीस मेंढ्या एकामागून एक गेल्या आणि तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मधेच एक मेंढी बाभळीच्या फांदीत अडकली, तिला सोडवताना आधीच चालून आलेली दुसरीही बावरली, आणि दोघींच्या गळ्यातले नंबर खाली पडले. बापूंनी ते उचलून पुन्हा बांधले. आम्ही पुढं चालू केलं.

तेविसावी चिठ्ठी नऊ नंबरची निघाली. नऊ म्हणजे भोरी. मेंढी पडद्यापुढून गेली.

"बानू," तुम्ही म्हणालात.

मी फुली मारली. चोविसावी बरोबर आली. मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या, आणि मी, नाना, परत तेच केलं. वहीतून मान वर केली आणि म्हणाले, "एक चुकलं."

"कंचं?"

"तेविसावं. ती भोरी होती."

"ती बानूच व्हती."

"नंबर नऊ होता, नाना."

"नंबर आसन नऊ. मेंढी बानू व्हती."

तोवर बापूंनी झुली काढून मेंढ्या कळपात सोडल्या होत्या. तुम्ही उठून गेलात, बानूला शिंगाला धरून आणलंत, माझ्यापुढं उभं केलंत. मी म्हणाले, आता दाखवून काय उपयोग, नोंद ती नोंद. मॅडम मधे पडल्या नाहीत. परत जाताना जीपमध्ये मात्र एवढं म्हणाल्या, "विचार कर त्या तेविसाव्याचा." मी केला नाही. मला तेवीस मिळाले होते, खूप होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एका माणसावर केलेल्या प्रयोगाला शास्त्र म्हणायचं का. मी म्हणाले, "सर, सगळी माणसं अशी ओळखतात असं मी लिहिलेलं नाही. या माणसाला स्वतःबद्दल जे वाटत होतं ते बरोबर आहे का, एवढंच तपासलं. आणि तपासायची रीत त्यांनीच सांगितली." त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कुणी?" मी म्हणाले, "प्रयुक्तानं."

तुम्हाला अहवाल वाचून दाखवला तेव्हा तुम्ही विचारलंत, "माझं नाव कुठंय?" मी सांगितलं, नाव लिहायचं नसतं, प्रयुक्त एवढंच लिहायचं, म्हणजे कुणाला लाजायची पाळी येत नाही. "मी काय लाजायसारखं केलं?" असं म्हणालात, आणि मग गावभर सांगत सुटलात की कॉलेजात माझं नाव बदलून प्रयुक्त ठेवलंय. लिंबाखालची ती माणसं तुम्हाला पुढं प्रयुक्तनानाच म्हणायला लागली. तुमच्या मातीला आलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "ते पद सरकारी व्हतं का?" मी हो म्हणाले. माफ करा.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, नाना. सोयरीक जमली. बापूंना वाटत होतं तसं काही झालं नाही. उलट सासूबाई कौतुकानं सांगायच्या, आमची सून डोक्याची मापं घेती. शिकत गेले आणि ज्या मुलांना वाचन जमत नाही, आकडे उलटे दिसतात, त्यांच्या चाचण्या घ्यायचं काम मिळालं. ते मला आवडतं. तुमच्याकडं आले की चहाचा कप ठेवायच्या आत तुम्ही सुरू करायचात, "ती बानूच व्हती बरं का." बानू मेली, भोरी मेली, त्यांच्या नातींच्या नाती चरायला लागल्या, तरी तुमचं तेच. माझ्या लग्नात पाहुण्यांसमोर म्हणालात. मुलीच्या बारशाला म्हणालात. मीही दरवेळी म्हणायचे, "नंबर नऊ होता." आपल्याला दोघांनाही ते मिटवायचं नव्हतं, असं आता वाटतं.

दहाव्याच्या दिवशी मात्र बापू माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचं डोकं भादरलेलं होतं, लहान मुलासारखे दिसत होते. म्हणाले, "संगे, ते नंबर पडले व्हते ना, बाभळीपाशी. एक भोरीचा व्हता अन् एक बानूचा."

"मग?"

"मंग काय. मी बांधले. पन मला कुठं त्या दोघीत फरक कळायचा? जी हाताला आली तिला बांधला. दादाला सांगू सांगू म्हनलं, पन तुमचं भांडन ऐकाया बरं वाटायचं."

मी बापूंवर रागावले नाही. चूक त्यांची नव्हतीच. नंबर पडले ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. शास्त्र शिकणाऱ्या माणसानं तिथंच थांबायला हवं होतं. ती मेंढी भोरी होती की बानू हे बापूंनाही माहीत नाही, मलाही नाही, आणि आता कधीच कळणार नाही. म्हणजे ती नोंद चूक धरता येत नाही आणि बरोबरही धरता येत नाही. ती बाजूला काढायची असते. मॅडम जीपमध्ये हेच सांगत होत्या. तेव्हा आज, उशिरा का होईना, मी अहवालाची माझी प्रत काढून तेविसाव्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी 'रद्द' लिहिलं. तुम्ही तेविसात तेवीस, नाना. ती बानूच होती असं मी अजूनही म्हणणार नाही. पण तुम्ही चुकलात असं बावीस वर्षं म्हणत आले, ते मागं घेते.

तुमची माझी शेवटची भेट दिवाळीच्या आधीची. तुम्ही अंगणात बाजेवर बसला होतात. मेंढ्या गणपत बघतो, तुम्ही बसल्या जागेवरून त्याला हाका मारून सूचना देत होतात आणि तो ऐकल्यासारखं करत होता. थकला होतात, पण दुखणं असं काही नव्हतं. त्या दिवशी तुम्ही बानूचं नाव काढलं नाहीत. माझ्या कामाचं विचारलंत. बारकी पोरं येतात का, रडतात का, मी त्यांना काय काय करायला लावते. मी सांगत गेले.

"मंग झाल्यावर सांगतीस का त्येंला, किती आलं ते?"

"सांगते ना. आईबापांना सांगावंच लागतं. थोड्या मोठ्या मुलांना त्यांचं त्यांनाही सांगते."

 गणपतनं मेंढ्या पाण्यावर नेल्या, त्या नजरेआड होईपर्यंत बघत राहिलात. मग म्हणालात, "संगे, आधी बरुबर आलेलं सांगत जा. चुकलेलं ज्येचं त्येला ठावंच असतं."

तुम्ही मला त्या लिंबाखालच्या दुपारीबद्दल कधी एक शब्द बोलला नव्हतात. त्या दिवशीही बोलला नाहीत. मला माफी मागायची होती. पण काकू चहा घेऊन आल्या आणि तुम्ही त्यांना साखर कमी पडली म्हणून सांगायला लागलात. मला वाटलं, संक्रांतीला येऊ तेव्हा बोलू.

काल मी कामावर गेले. चौथीतली एक मुलगी होती, आईबरोबर आलेली. चाचणी आधीच्या आठवड्यात झाली होती, कालचा दिवस निकालाचा. आई पदराशी चाळा करत बसली होती. मुलगी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत मागं सरकून बसली होती, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी कागद उघडला तशी ती खाली बघत म्हणाली, "माझं लई चुकलं असंल ना?"

मी म्हणाले, "आधी बरोबर किती आलं ते सांगते. ऐकायचं का?"

तिनं वर बघितलं. मग खुर्चीवरून उतरली, दोन्ही हातांनी खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आणली आणि चढून बसली.

तुमची,
संगी